पॅरिसमध्ये फ्रेंच जेवायचं तर कुठे: बुयों, बिस्त्रो, ब्रासरी की क्रेपरी?

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी येतं आणि प्रश्न ठरलेला, एकदा तरी खरं फ्रेंच जेवायचंय, कुठे जाऊ? मी नाव सांगायच्या आधी उलट तीन गोष्टी विचारते. बरोबर कोण आहे, किती वाजता भूक लागणार, आणि काय खायचं चालत नाही. कारण इथे पाटीवर बुयों, बिस्त्रो, ब्रासरी असं जे लिहिलेलं असतं ना, त्यावरून आत काय मिळणार, कधी मिळणार आणि खिसा किती हलका होणार हे बरंचसं आधीच कळतं.

माझं मत सरळ आहे, पहिल्यांदा येत असाल तर बुयोंत जा. बुयों म्हणजे मांसाचं पाणी, रस्सा. एकोणिसाव्या शतकात द्युवाल नावाच्या एका खाटकाने ले हालच्या बाजारात राबणाऱ्या माणसांना गरम रस्सा आणि शिजवलेलं मांस स्वस्तात द्यायला सुरुवात केली, त्यातून हा प्रकार वाढला. आज सगळ्यात प्रसिद्ध आहे ग्राँ बुलव्हार मेट्रोजवळचं १८९६ सालचं बुयों शार्तिये. उंच छत, आरसे, पितळी रॅक, आणि भिंतीला छोटे छोटे नंबर घातलेले लाकडी ड्रॉवर, पूर्वी रोज येणारी गिऱ्हाईकं आपापला नॅपकिन त्यात ठेवून जायची. आई-बाबा आले तेव्हा मी त्यांना तिथेच नेलं. वेटरने ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच पेनने लिहिली, जेवण झाल्यावर तिथेच बेरीज मांडली, आणि बाबा (आयुष्यभर बँकेत) समोरून उलटे आकडे वाचत मनातल्या मनात टोटल तपासत होते, बरोबर आली म्हणून इतके खूश! तीन कोर्स घेऊन साधारण वीस-पंचवीस युरो माणशी, पॅरिसच्या मानाने हे खरंच कमी आहे. रांग मात्र लागते, टेबल बुक होत नाही आणि शेजारी अनोळखी माणसं बसवतात. निवांत गप्पा मारायच्या असतील तर ही जागा नाही, तासाभरात उठायची तयारी ठेवा. पिगाल आणि रेपुब्लिकला नवीन बुयों आहेत, अनुक्रमे २०१७ आणि २०२१ पासूनची, तीही चांगलीच.

आता बीफ न खाणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडच्या निम्म्या लोकांचा प्रश्न तोच असतो. बफ म्हणजे बीफ, आणि आँत्रकोत, बाव्हेत, तार्तार (हे तर कच्चं) ही नावंही बहुतेक वेळा बीफचीच. लार्दों म्हणजे डुकराचे तुकडे, ते सॅलडमध्येही येतात. मग काय घ्यायचं, तर पुले रोती, म्हणजे भाजलेली कोंबडी, नाहीतर कॉन्फी द कनार. ही बदकाची तंगडी मिठात मुरवून तिच्याच चरबीत मंद आचेवर तासन् तास शिजवतात आणि शेवटी कातडी कुरकुरीत करतात, काटा नुसता लावला तरी मांस हाडापासून सुटतं आणि खाली बटाटे त्याच चरबीत परतलेले असतात. माझ्या मते पहिल्या फ्रेंच जेवणाला याच्याइतकी चांगली डिश नाही.

बिस्त्रो वेगळा. छोटी जागा, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू, रोजच्या बाजाराप्रमाणे बदलणारा, आणि स्वयंपाक बुयोंपेक्षा बारकाईने केलेला. दोघंच असाल, लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल तर इथेच या. अकराव्या विभागातलं बिस्त्रो पॉल बेर मला आवडतं, तिथलं पारी-ब्रेस्त, म्हणजे पॅरिस ते ब्रेस्त आणि परत या सायकल शर्यतीवरून नाव पडलेली, चाकासारखी गोल पेस्ट्री, मध्ये हेझलनटचं क्रीम, एक घेतलं तर दोघांना पुरतं. माणशी चाळीस ते साठ युरो धरा, वाइन वेगळी. पण वेळ पाळावीच लागते, बहुतेक बिस्त्रोंत दुपारी बारा ते दोन आणि मग एकदम संध्याकाळी साडेसातनंतर, मध्ये किचन बंद. लूव्र बघून तीन वाजता बाहेर पडलेल्या माणसाला तिथे कोणी जेवायला घालत नाही.

त्या तीन वाजताच्या भुकेला ब्रासरी. (शार्तियेही दिवसभर चालू असतं, हे लक्षात असू द्या.) ब्रासरी म्हणजे मुळात बिअर गाळायची जागा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या आल्सास प्रांतातल्या लोकांनी पॅरिसमध्ये आणलेली, म्हणून बास्तीलजवळच्या १८६४ सालच्या बोफँजेमध्ये अजून शुक्रुत मिळतं, आंबवलेला कोबी आणि वर सॉसेज. बसायला ऐसपैस, वेटर शांत, म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही बरोबर असतील तर सोयीचं. मोंपार्नासच्या ला कुपोलमध्ये तर मटण करी मेनूवर आहे, अनेक दशकं! पैसे मात्र नुसत्या जेवणाचे नाही, त्या सजावटीचेही देतो आपण, आणि मला चवीत बिस्त्रोच सरस वाटतो.

शाकाहारी लोकांचं काय, हे मी शेवटी लिहितेय पण त्यांनी हेच आधी वाचावं. वरच्या तिन्ही ठिकाणी फार थोडं मिळतं. कांद्याचं सूप बघून हुरळून जाऊ नका, ते बहुतेक वेळा बीफच्या स्टॉकमध्ये केलेलं असतं. कोंते चीजलाही दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्या. मावशीला मी मोंपार्नास स्टेशनजवळच्या क्रेपरीत नेलं, म्हणजे क्रेप आणि गालेत या पातळ धिरड्यांच्या दुकानात. हे पदार्थ फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतातले, आणि तिकडच्या गाड्या त्या स्टेशनात येतात म्हणून तिकडच्या लोकांनी आसपासच दुकानं थाटली. तिथलं गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं, आपल्या घावनासारखं जाळीदार, पण बटरवर, कडा चारी बाजूंनी दुमडून चौकोनी केलेलं. मावशी अंडं खाते म्हणून आम्ही कोंप्लेत (अंडं, चीज आणि हॅम घातलेलं गालेत) मागवलं, ‘सां जाँबों’ म्हणजे हॅम नको असं सांगून, आणि तिने दुसरंही मागवलं.

आयफेल टॉवरच्या आसपास मात्र पाच भाषांतले फोटोवाले मेनू लावलेल्या जागांपासून लांब रहा. अशाच एका ठिकाणी आम्ही चौघांनी पाकिटातलं सूप आणि मधोमध थंड राहिलेलं कॉन्फी खाल्लंय, मला आईसमोर खरंच वाईट वाटलं होतं. २०१४ पासून इथे ‘फे मेजों’, म्हणजे जागेवर कच्च्या मालातून केलेलं, याचं कायद्याने ठरवलेलं चिन्ह आहे, पातेलं आणि त्यावर झाकणाच्या जागी घराचं छप्पर, मेनूत ते शोधा. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं, नुसतं पाणी म्हणालात तर बाटली येऊ शकते आणि ती बिलात लागेल. सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, टिप द्यायलाच हवी असं नाही. आणि बिस्त्रोचं ठरवलंत तर टेबल मुंबईहून निघायच्या आधीच बुक करा, शनिवारचं तर नक्कीच.