त्वचा आणि कंडरा: ताण कोण कसा घेतं?
हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत ओढा. सहज वर येते, मग एकदम अडते. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, अशी सैल सुटतच नाही. दोन्हींचा मुख्य धागा कोलॅजेन हे प्रथिनच. फरक विणीत आहे.

त्वचेत नागमोडी तंतू जाळ्यासारखे पसरलेले असतात. ओढल्यावर ते आधी सरळ होतात, ताणाच्या दिशेला वळतात, मगच खरा भार घेतात. शिवाय दिशेनुसार ताण बदलतो. शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये दाखवलेल्या त्वचारेषा, म्हणजे त्वचेतल्या ताणाची दिशा सांगणाऱ्या रेषा, मला यातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं: अशा रेषांना समांतर छेद घेतला, तर जखम कमी फाकते.

कंडरेत तंतू दोरखंडासारखे समांतर. सुमारे २ टक्के लांबताच नागमोड संपते आणि ती ताठ होते; म्हणूनच स्नायूचा जोर हाडापर्यंत पोचतो. तरीही टाचेमागची कंडरा धावताना स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते.