‘झपाटलेला’ पुन्हा पाहताना : 1993चा की 2013चा?

अंबाजोगाईच्या धाकट्या बहिणीला दिवाळीच्या सुट्टीत मुलांना ‘झपाटलेला’ दाखवायचा आहे. मात्र महेश कोठारे यांचा 1993चा मूळ चित्रपट लावावा की 2013चा दुसरा भाग, हे तिचे ठरेना, म्हणून मी दोन्ही पुन्हा पाहिले.

भीतीच्या बाबतीत मूळ चित्रपट आजही सरस आहे. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू नुसता बसलेला दिसला तरी अंगावर काटा येतो, कारण तो खरोखरच तिथे ठेवलेला बाहुला आहे. (लहानपणी भारनियमनात वीज गेली की आम्ही आधी कोनाड्यातली बाहुली पालथी घालत असू.) दुसऱ्या भागाची मदार थ्रीडीवर असल्याने घरच्या टीव्हीवर ती भीती निम्मीच उरते.

विनोदात लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरगुंडीला तोड नाही, जरी काही कोट्या आता शिळ्या वाटतात. दुसऱ्या भागात मकरंद अनासपुरे यांची बोली आपल्याकडच्या मुलांना चटकन जवळची वाटते. चित्राची सफाई अर्थातच नव्याची.

आजी-आजोबांसह सगळे घर बसणार असेल, तर मूळच लावावा. जुन्या चित्रपटांना कंटाळणाऱ्या मोठ्या मुलांसाठी दुसरा चालेल. अंधारात एकटे न झोपणाऱ्या धाकट्याला मात्र दोन्ही वेळी आजोळी धाडावे.