जेलची गादी की जाळीची खाट: उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरांसाठी काय घ्यावे?

उन्हाळा जवळ आला की घरात कुत्रा किंवा मांजर असलेले ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात: झोपायला थंडावा देणारी जेलची गादी घ्यावी, की जमिनीपासून थोडी उंच असलेली जाळीदार कापडाची खाट? सावली, भरपूर पाणी आणि दुपारचे फिरणे बंद ही पथ्ये आपण पाळत असालच, म्हणून त्यांत शिरत नाही. मी दोन उन्हाळे गादी वापरली आणि हा तिसरा उन्हाळा खाटेवर चालला आहे. माझा कुत्रा तेरा वर्षांचा, दाट केसांचा, साधारण २५ किलो वजनाचा आहे. सोबत एक मांजर आहे. पुढचे मत या दोघांच्या सवयींवरून बनलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिल्या अर्ध्या तासापुरते बोलायचे तर गादी सरस आहे, हे मला मान्य करावेच लागेल. कुत्र्याला पंजांचे तळवे सोडले तर घाम जवळजवळ येत नाही. त्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकण्यातून बाहेर पडते आणि काही प्रमाणात विरळ केसांचे पोट थंड पृष्ठभागाला टेकवल्याने. सकाळी फिरून आल्यावर आमचा कुत्रा गादीवर मागचे पाय पसरून पोट टेकवून पडायचा आणि बघता बघता त्याची धाप ओसरायची. मी घड्याळ लावून काही मोजले नाही, पण नुसत्या फरशीवर त्याला याहून बराच जास्त वेळ लागत असे, हे रोज पाहत होतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. जेल स्वतः थंडावा निर्माण करत नाही; ते फक्त अंगातली उष्णता शोषून घेते आणि त्यालाही मर्यादा असते. २५ किलोचा कुत्रा नुसता पडून राहिला तरी त्याचे शरीर तासाला साधारण १३५ किलोज्यूल उष्णता तयार करते. गादीत तीन किलो जेल आहे आणि ते बहुतांशी पाणीच आहे असे धरले, तर तेवढे जेल दहा अंशांनी तापायला सुमारे १२५ किलोज्यूल पुरतात. सगळीच उष्णता काही गादीत जात नाही, हे खरे. तरीही गादी का तापते ते या हिशेबावरून कळावे. दीड-दोन तासांनी मी त्याच्या पोटाखाली हात घालून पाहायचो, तेव्हा ती जागा अंगाइतकीच गरम लागायची आणि प्लास्टिकच्या आवरणामुळे तिथे वारा शिरायलाही वाव नसायचा. गादी पुन्हा थंड व्हायची तर ती काही काळ मोकळी ठेवावी लागते.

तरुण कुत्रा अशा वेळी आपणहून उठतो आणि दुसरी जागा शोधतो. आमचा उठत नाही. त्याचे सांधे आखडले आहेत, ऐकू कमी येते आणि दुपारची झोप फार गाढ असते. त्यामुळे ऐन कडक उन्हाच्या वेळी त्याला मलाच उठवावे लागे. तो दचकू नये म्हणून आधी नाकाजवळ हात न्यायचा, मग खांद्यावर ठेवायचा, मागचे पाय थरथरत तो उभा राहीपर्यंत थांबायचे, गादी काढून दुसरी घालायची आणि तो पुन्हा आडवा होईपर्यंत जवळ बसायचे. दोन गाद्या आळीपाळीने वापरून हे मी जवळजवळ एक उन्हाळा केले. एका दुपारी मला घरी यायला उशीर झाला, तेव्हा तो त्याच तापलेल्या गादीवर तोंड उघडे टाकून धापा टाकत पडलेला दिसला. खोलीत चार पावलांवर मोकळी, गार फरशी होती. पाणी आणि पंखा एवढ्यावर तो सावरला, पण आपण घरी नसताना ज्या वस्तूवर विसंबायचे, ती कुणीतरी हलवल्याशिवाय काम करत नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

खाटेचे तत्त्व अगदी साधे आहे. अंगाखालून हवा खेळती राहते, पोट आणि बगला झाकल्या जात नाहीत, आणि कापड तापून बसत नाही, कारण उष्णता धरून ठेवण्याइतके त्यात काहीच नसते. पहिल्या स्पर्शाला ती थंड लागत नाही, त्यामुळे घेतल्यावर पहिल्या दिवशी निराशा होण्याची शक्यता आहे. मलाही थोडी झाली होती. पण दुपारी एक वाजता ती जशी असते तशीच चार वाजताही असते. मला हवे होते ते नेमके हेच.

पंखा मात्र हवा, आणि शक्य असल्यास त्याचा झोत खाटेच्या खालूनही जाईल असा ठेवावा. घाम नसल्यामुळे कोरड्या अंगावरचा वारा कुत्र्याला माणसाइतका उपयोगी पडत नाही. म्हणून फार उकाडा असेल तेव्हा मी त्याचे पोट, बगला आणि पंजे ओले करतो. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणजे थोडेसे ओले केलेले पोटही बरेच काम करते. हे खाटेवर साधते, कारण पाणी खालच्या बाजूनेही उडून जाऊ शकते; गादीवर तेच पाणी पोट आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अडकून राहते.

ओले करून घालायच्या जॅकेटबद्दलही विचारणा होते. कोरड्या हवेत, चालताफिरताना ते चांगले असावे. दमट हवेत पाणी उडत नाही आणि मग ते अंगावरचे आणखी एक पांघरूण होऊन बसते, म्हणून झोपण्याच्या वेळी मी ते घालणार नाही.

मांजराचा विचार वेगळा करावा लागेल. मांजर अंग चाटून, लाळेच्या बाष्पीभवनातून स्वतःला थंड ठेवते आणि जागा निवडण्यात ते कुत्र्यापेक्षा फार काटेकोर असते. आमच्या मांजरीने गादीवर अंग टाकण्याऐवजी पंजांनी ती मळायला सुरुवात केली आणि नखांची भोके पडून चिकट जेल बाहेर आले. ते पोटात जाऊ नये म्हणून ती गादी त्याच दिवशी टाकून द्यावी लागली. खाटेवर ती क्वचितच बसते, पण खाटेखालची सावलीतली फरशी तिने आपलीशी केली आहे. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर मात्र जागा बदलून भागणार नाही. ते गंभीर लक्षण समजावे.

खोलीतली हवाच शरीराच्या तापमानाजवळ, म्हणजे ३८-३९ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, तर यांतली कोणतीही वस्तू पुरेशी नाही. खोली थंड करणे हाच उपाय उरतो. पग, बुलडॉग किंवा पर्शियन मांजर यांसारख्या चपट्या नाकाच्या प्राण्यांसाठी तर ही काळजी आणखी आधीपासून घ्यावी लागते. तोल जाणे, दाट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या किंवा उलट्या दिसल्या, तर आधी पाण्याने भिजवून वाऱ्यात ठेवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. ओल्या टॉवेलने अंग गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते.

कुत्रा तरुण असेल, गाडीतून वारंवार प्रवास होत असेल आणि आपण दिवसभर घरी असाल, तर गादी घेण्यात काही चूक आहे असे मी म्हणणार नाही. आमची उरलेली गादीही दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी गाडीतच ठेवली आहे. खाट घेणार असाल, तर म्हाताऱ्या प्राण्यासाठी जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा उंच घेऊ नये आणि पायांना रबरी टोप्या आहेत ना, ते पाहावे, कारण चढताना ती सरकली तर तो पुन्हा तिच्यावर पाय ठेवायला धजत नाही. आमच्याकडे पहिले चार दिवस तो नुसता वास घेऊन निघून जायचा. मग त्याची जुनी चादर वर अंथरली आणि खाट त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवली. आठवड्याने चादर काढून घेतली, तेव्हा तो झोपेत होता आणि काढलेली त्याला कळलीही नाही.