जुन्या मोबाइलसाठी ‘संचार साथी’: उपयोगी सेवा, पण कुलूप तिला दिसत नाही

जाहिरात बघून जुना मोबाइल घेणाऱ्याला दोन गोष्टींची धास्ती असते. फोन चोरीचा निघेल का, आणि पैसे मोजून घरी आणल्यावर तो सुरू तरी होईल का. दूरसंचार विभागाची ‘संचार साथी’ ही फुकट सेवा पहिल्या शंकेचं बऱ्यापैकी निरसन करते. दुसऱ्या शंकेला तिच्याकडे उत्तर नाही. तरीही ‘सरकारी यंत्रणेनं व्हॅलिड सांगितलं ना’ म्हणून पुढची तपासणी सोडून देणारे पुष्कळ असतात, म्हणून हे परीक्षण.

चोरीचे फोन सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद करणारी सीईआयआर ही यंत्रणा महाराष्ट्राला नवी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ती मुंबईत सुरू झाली, दिल्लीच्याही आधी. हीच सोय ज्यात आहे त्या संचार साथीचं संकेतस्थळ मे २०२३ मध्ये आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ॲप. हे ॲप नव्या फोनमध्ये आधीच टाकून देण्याचा आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला आणि ओरड झाल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला. ज्यांना ॲपला परवानग्या द्यायच्या नाहीत त्यांचं काही अडत नाही. साधा एसएमएस पुरतो.

कृती अशी. विक्रेत्याच्या फोनवर *#०६# दाबा. पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल; दोन सिमचा फोन असेल तर दोन. दोन्ही तपासायचे. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम (‘नो युवर मोबाइल’चं लघुरूप) लिहा, एक मोकळी जागा सोडा, पुढे पंधरा अंक टाका आणि १४४२२ वर पाठवा. संकेतस्थळावर हेच काम तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून होतं. भेटीआधीच चॅटवर आयएमईआयचा फोटो मागवून घ्या. जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जायचा रिक्षाखर्चही वाचतो. मात्र प्रत्यक्ष भेटीत नंबर पुन्हा स्वतः दाबून बघा, कारण फोटो दुसऱ्याच फोनचा असू शकतो.

उत्तरात स्थितीबरोबर कंपनी आणि मॉडेलही येतं, आणि खरा माल तिथे आहे. बहुतेक जण ‘व्हॅलिड’ एवढंच वाचून पुढे जातात. चोरीच्या फोनचा आयएमईआय बदलून त्यावर दुसऱ्या चांगल्या फोनचा नंबर चढवण्याचा धंदा चालतो. अशा वेळी नंबर ‘व्हॅलिड’च येणार, पण हातात एक मॉडेल आणि उत्तरात भलतंच मॉडेल, असं होऊ शकतं. म्हणून मॉडेल नंबर सेटिंग्जमधल्या नंबराशी जुळवा, आणि आयएमईआय खोक्यावरच्या व बिलावरच्या नंबराशी. काळी यादी, डुप्लिकेट किंवा ‘आधीच वापरात’ यांपैकी काही आलं तर फोन घेऊ नका, असा विभागाचाच सल्ला आहे. शेवटच्या शेऱ्यानं लोक गोंधळतात, कारण जुना फोन वापरात असणारच की! सेवेनं हे नीट समजावून सांगायला हवं होतं. तोवर वाद न घालता दुसरा फोन बघावा, बाजारात जुन्या फोनांना तोटा नाही.

आता उणिवा. मूळ मालकानं पोलिसांत तक्रार नोंदवून, तिची प्रत जोडून फोन बंद करण्याची विनंती केल्याशिवाय नंबर काळ्या यादीत जात नाही, आणि विनंतीनंतरही २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. सकाळी लोकलमध्ये मारलेला फोन संध्याकाळी विकायला आला, तर केवायएम त्याला स्वच्छच म्हणेल. आठवड्यानं तो बंद पडतो, तुमचं सिम त्यात असतं आणि माग तुमच्यापर्यंत येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार माल चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निम्म्या किमतीतला, बिल नसलेला, खोका हरवलेला फोन हे ‘मानायला कारण’ ठरू शकतं. म्हणून बिल हवंच, आणि त्यावरचं नाव विक्रेत्याच्या ओळखपत्राशी जुळायला हवं. भावाच्या नावावर बिल आहे म्हणाला तर भावाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा.

दुसरी उणीव मोठी: कुलपं. अँड्रॉइड फोन सेटिंग्जमधून नव्हे तर बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून पुसला असेल तर सुरू करताना तो आधीचं गूगल खातं मागतो. आयफोनवर ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधायची सोय चालू राहिली तर ॲक्टिव्हेशन लॉक आडवं येतं, म्हणजे तो आधीचं ॲपल खातं मागतो. आणि हप्त्यांवर घेतलेल्या फोनमध्ये कर्ज देणाऱ्याचं कुलूप असू शकतं. सॅमसंगचं नॉक्स गार्ड हे त्यातलंच. रीसेट केल्यावरही इंटरनेट मिळताच ते परत येतं. यातलं काहीही संचार साथीला दिसत नाही.

उपाय एकच आणि तो पैसे देण्याआधीचा. विक्रेत्याला समोर बसून आपली खाती काढायला लावा, मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रीसेट करायला लावा. ‘घरूनच रीसेट करून आणलाय’ हे वाक्य गोड वाटतं, पण खाती कशी काढली हे त्यात लपतं. रीसेटनंतर तुमच्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट जोडा, तुमचं गूगल किंवा ॲपल खातं टाका आणि होम स्क्रीन येईपर्यंत थांबा. नेट जोडल्यावर दहा मिनिटं तरी फोन चालू ठेवा. याला अर्धा तास जातो, म्हणून भेट निवांत पण वर्दळीच्या जागी ठेवा. मेट्रो स्थानकाचा तिकीट मजला किंवा मॉलचं फूड कोर्ट चालेल. इमारतीचा जिना नको.

त्याच अर्ध्या तासात बाकीचं उरकतं. स्वतःचं सिम दोन्ही खाचांत घालून कॉल लावा. आवाज रेकॉर्ड करून ऐका. चार्जर लावून चार्जिंग चढतं का ते पाहा. सॅमसंगवर *#०*# आणि शाओमीवर *#*#६४८४#*#* दाबलं की तपासणीचा मेनू उघडतो. त्यात लाल, हिरवा, निळा पडदा भरून बघितला की स्क्रीनवरचे डाग आणि रेघा लपत नाहीत. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्ट्री’ आली आणि स्क्रीन किंवा बॅटरीपुढे ‘अननोन पार्ट’ दिसलं, तर बाहेरचा भाग बसवलेला असण्याची दाट शक्यता. बॅटरीची कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सरळ वजा करून भाव बोला.

जागांबद्दल थोडक्यात. ओएलएक्स इंडिया २०२३ पासून वाशीच्या कारट्रेड टेककडे आहे. माल भरपूर, भाव खाली येतो, पण दोन अनोळखी माणसांच्या मोबाइल व्यवहारात ती फक्त ओळख करून देणारी जागा आहे, हे धरूनच चाला. फेसबुक मार्केटप्लेसवर विक्रेत्याचं खातं किती जुनं आहे ते दिसतं. काल-परवा उघडलेल्या खात्यावर नवाकोरा आयफोन दिसला की पुढे सरका. जुने फोन विकत घेणाऱ्या कॅशिफायसारख्या सेवेला विकलं तर थेट ग्राहकाकडून मिळतील त्यापेक्षा पैसे सहसा कमी मिळतात, पण अनोळखी माणसाशी घासाघीस टळते. साइटवर दिसणारा भाव तुम्ही दिलेल्या उत्तरांवर ठरलेला असतो आणि घरी आलेला माणूस फोन पुन्हा तपासतो, त्यामुळे ओरखडे न लपवता उत्तरं द्या. भाव पाडला तर नाही म्हणायचा हक्क तुमच्याकडे आहेच.

विकणाऱ्याची फसवणूक मात्र वेगळ्या वाटेनं होते, आणि तिथे संचार साथीचं ‘चक्षू’, म्हणजे फसवणुकीचे संशयित कॉल आणि मेसेज कळवण्याची सोय, सोडलं तर फारसं काही कामाचं नाही. नेहमीचा प्रकार असा: समोरचा स्वतःला लष्करी जवान म्हणवतो, कॅन्टीन कार्डाचा फोटो पाठवतो, भाव न करता होकार देतो आणि पैसे ‘पाठवण्यासाठी’ क्यूआर कोड धाडतो. आधी दोन रुपयांचा प्रयोग करून ते परतही देतो. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की तुमच्या खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. दोन व्यक्तींमधल्या यूपीआय कलेक्ट, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागणाऱ्या, विनंत्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या आहेत. त्यामुळे कुणी ‘रिक्वेस्ट पाठवलीय, मंजूर करा’ म्हणालं तर तिथेच चॅट बंद करून चक्षूवर कळवा.

भेटीतला धोका बनावट पेमेंट ॲपचा. टिकमार्क येतो, टिंग असा आवाजही येतो आणि तुमच्या खात्यात काही नसतं. एसएमएसवर विसंबू नका, दहा अंकी नंबरावरून आलेल्या ‘बँकेच्या’ संदेशावर तर मुळीच नाही. स्वतःचं बँकेचं ॲप उघडून शिल्लक वाढलेली बघा आणि मगच फोन हातातून सोडा. ‘माझी मर्यादा संपली, बाकीचे उद्या’ हे खरंही असू शकतं, कारण नव्यानं यूपीआय नोंदवल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयेच पाठवता येतात. खरं असेल तर फोनही उद्याच द्या.

देण्याआधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवा, यूपीआय ॲपमधून बँक खातं काढा, ई-सिम असेल तर हलवा, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर काढा. अलीकडच्या फोनमधला मजकूर एन्क्रिप्टेड असतो, त्यामुळे एक रीसेट पुरतो. मेमरी कार्डाचं तसं नाही, ते देऊच नका.

शेवटी दोन प्रतींत विक्रीपावती करा: मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या. आधारची प्रत द्यायचीच तर पहिले आठ अंक झाकलेली, यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्याच, संकेतस्थळावरून उतरवलेली द्या. खरेदीचं बिल घेणाऱ्याला जातं, त्याचा फोटो तुमच्याकडे राहू द्या. उद्या त्या फोनवरून काही भानगड झाली तर तुमच्या बाजूनं बोलणारा कागद हाच. आणि पैसे गेलेच तर विक्रेत्याला शिव्या घालत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता आले तरच ते मिळण्याची आशा असते.