प्राइम९५ : भार पडल्यावर संगणक टिकतो का?

सुटे भाग आणून घरी जोडलेला माझा संगणक रोजच्या कामात कधी अडखळत नव्हता, पण मोठ्या व्हिडिओचे रेंडरिंग लावले की तासाभरात आपोआप रीस्टार्ट होत असे. दुकानदारांनी विंडोज पुन्हा टाकायला सांगितले. तेही करून झाले आणि दुखणे तसेच राहिले. तेव्हा संगणकावर मुद्दाम भार टाकून त्याची परीक्षा घेणारे प्राइम९५ मी उतरवून घेतले.

हा मोफत प्रोग्रॅम मुळात मर्सेन मूळ संख्या (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या) शोधण्यासाठी आहे. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'गिम्प्स' प्रकल्पाचे काम त्यावर चालते. त्यातली चाचणी ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी प्रचंड गणिते प्रोसेसरकडून सोडवून घेते आणि उत्तर जुळले नाही की तिथेच थांबते. संगणक बंद न पडताही आतल्या आत चुकत असेल, तर ती चूक यात पकडली जाते, आणि मला याचे मोल सर्वांत जास्त वाटते. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोषही २०१६ मध्ये याच गणितांमुळे उजेडात आला होता.

चाचणीच्या प्रकारांपैकी 'स्मॉल एफएफटी' निवडल्यास प्रोसेसर कमालीचा तापतो, तर 'ब्लेंड'मध्ये रॅमचाही कस लागतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत, ऐन मे महिन्याच्या दुपारी, तापमानाचा आकडा शेजारी उघडा ठेवल्याशिवाय पहिला प्रकार लावू नये, असे मी कळकळीने सांगेन. माझ्याकडे तो तासभर बिनतक्रार चालला. ब्लेंड मात्र चाळिसाव्या मिनिटाला अडले: एका वर्करचे (गणितांचा एक वाटा उचलणाऱ्या भागाचे) हिरवे चिन्ह लाल झाले आणि खाली ओळ उमटली की राउंडिंग (आकडा पूर्णांकात आणताना पडणारा फरक) ०.४ पेक्षा कमी हवे होते, ते ०.५ आले.

नेमका कोणता भाग सदोष आहे, हे प्राइम९५ सांगत नाही. ही त्याची मोठी उणीव आहे. ग्राफिक्स कार्डाची परीक्षाही त्यात होत नाही. मी बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगांमध्ये) रॅमला जादा वेगाने चालवणारे एक्सएमपी बंद करून पाहिले, तरी चूक आलीच. मग पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम चालवून रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकेक करून तपासल्या, तेव्हा दुसऱ्या पट्टीवर लाल ओळींची रांग लागली. त्या पडद्याचा फोटो पाहिल्यावर दुकानदारांनी वॉरंटीत पट्टी बदलून दिली, आणि त्या रात्री लावलेले ब्लेंड सकाळी चहाच्या वेळीही एकही चूक न दाखवता चालू होते.