वेव्ह सॉफ्टवेअर: प्लँटसाठी चोख, आर्सेनिकसाठी अपुरे

ड्यूपॉन्टचे 'वेव्ह' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि आरओ (पाण्यातले क्षार दाबाने गाळणाऱ्या) प्लँटच्या डिझाइनचे मूळ काम चोख करते. एकेका मेम्ब्रेनचा (गाळणाऱ्या पडद्याचा) फ्लक्स, म्हणजे क्षेत्रफळामागे पार होणारे पाणी, स्टेजवार दाब, रिजेक्टमध्ये (बाहेर टाकलेल्या खाऱ्या पाण्यात) क्षार बसण्याची शक्यता, सगळे कळते. पाण्याचा रिपोर्ट भरल्यावर धन-ऋण आयनांचा ताळा आधी बघा. तफावत मोठी असेल तर सोडियम-क्लोराइड घालून ती मिटवू नका, नमुनाच पुन्हा तपासून घ्या. सॉफ्टवेअर दोन तापमानांना चालवून बघा: थंड पाण्याला दाब जास्त लागतो, गरम पाण्यात क्षार जास्त निसटतात.

अडचण सूक्ष्म धातूंची आहे. आयनांच्या यादीत बेरियम, स्ट्रॉन्शियम, बोरॉन आहेत. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम नाहीत. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ९८ टक्के अडतो म्हणून आर्सेनिकही तेवढेच अडेल, असे सर्रास धरले जाते. ते धोक्याचे आहे. बंगाल-बिहारच्या भूजलात आर्सेनिक बरेचदा त्रिसंयुजी (As III) रूपात असते. पीएच ९च्या खाली त्यावर जवळपास विद्युतभारच नसतो, म्हणून मेम्ब्रेन त्याला नीट अडवत नाही.

हिशेब स्प्रेडशीटवर करा. फीड म्हणजे येणाऱ्या पाण्यातले प्रमाण, रिकव्हरी म्हणजे त्यातून मिळणाऱ्या शुद्ध पाण्याचा वाटा, रिजेक्शन म्हणजे मेम्ब्रेन अडवते तो वाटा: फीड × [१ − (१ − रिकव्हरी) चा (१ − रिजेक्शन) घात] ÷ रिकव्हरी. फीडमध्ये लिटरला ६० मायक्रोग्रॅम आणि रिकव्हरी ७५ टक्के घ्या. आर्सेनिकचे दुसरे, पंचसंयुजी (As V) रूप ९८.४ टक्के अडले तर परमिएटमध्ये (गाळलेल्या पाण्यात) १.८ उरते. त्रिसंयुजी ८२ टक्केच अडले तर जवळपास १८, आणि आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा आहे १०. रिजेक्शनचा आकडा मात्र त्याच पाण्यावर पायलट (छोटा चाचणी प्लँट) चालवून काढा.

आर्सेनिकचे कोणते रूप किती, हे बघायला यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्रीय संस्थेचे 'फ्रीक-सी' (PHREEQC) हे पाण्याच्या रसायनाचे सॉफ्टवेअर जोडीला घ्या. तेही फुकट आहे. त्याच्या नेहमीच्या डेटाबेसमध्ये आर्सेनिक नाही, 'वॉटेक-४-एफ' निवडावा लागतो. एकक लिहायला विसरलात तर ते मिलिमोल धरते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पीई, पाणी किती ऑक्सिडीकारक आहे ते सांगणारा आकडा: काहीच दिले नाही तर ४ धरला जातो आणि साध्या पीएचला जवळपास सगळे आर्सेनिक पंचसंयुजी दिसते. कागदावर प्लँट पास, नळाला नापास! त्यामुळे लॅबकडून दोन्ही रूपे वेगळी मोजून घ्या आणि वेगळीच भरा.

त्रिसंयुजी जास्त निघाले तर आधी क्लोरीन देऊन ऑक्सिडेशन करा. मात्र पॉलिअमाइड मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, तेव्हा आरओच्या आधी उरलेले क्लोरीन मारायला सोडियम बायसल्फाइटचा डोस आणि त्यापुढे ते संपल्याची खात्री करणारा ओआरपी (ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियल) मीटर हवाच.