वरच्या मजल्याचं घर गार कसं ठेवायचं: पांढरी गच्ची, एक्सपीएस की फॉल्स सीलिंग?

मे महिन्यात रात्री दहा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला हात लावून बघा. बाहेर झुळूक सुटलेली असते, पण छत अजून तापलेलं असतं. पाच-सहा इंची स्लॅबमधून उष्णता खाली यायला चार-पाच तास लागतात, म्हणून दुपारी दोनचं ऊन आपल्या खोलीत संध्याकाळी सातला उतरतं आणि मध्यरात्रीपर्यंत छळतं. कूलर हवा गार करतो, छताची धग त्याला आवरत नाही. अकोल्यात वरच्या मजल्यावर इतके उन्हाळे काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: ऊन स्लॅबच्या वरच अडवायचं. ते एकदा स्लॅबमध्ये शिरलं की खालून केलेला कुठलाही उपाय दुय्यम ठरतो.

आकडा बघितला की हे का, ते कळतं. आपल्याकडे मेच्या शेवटी, ऐन नवतप्याच्या तोंडावर, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतींना ऊन तिरपं लागतं आणि गच्ची सगळा मारा झेलते. दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर ५५ किलोवॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी तासाला खोलीतून जेवढी उष्णता काढतो, त्याच्या दहापटीहून जास्त. ही सगळी आत येत नाही, पण उघडं करडं काँक्रीट त्यातली साठ-सत्तर टक्के पिऊन टाकतं.

पांढरी गच्ची

पांढरा रंग ऊन परतवतो. ताजा पांढरा लेप पडणाऱ्या उन्हापैकी ७५ ते ८० टक्के परत पाठवतो, म्हणून भर दुपारी त्यावर अनवाणी उभं राहता येतं. अहमदाबादने वस्त्यांमधल्या छपरांना चुना लावला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं, ते याच साध्या गोष्टीवर.

यातही दोन प्रकार. चुना स्वस्त, डिंक किंवा चिकटद्रव्य घालून दोन हात मारले की उन्हाळा निघतो, पण पहिल्या पावसाळ्यात बराचसा वाहून जातो. बाजारात मिळणारा उष्णतारोधक लेप महाग असतो, पण काही वर्षं टिकतो. दोन्हींचा शत्रू एकच, धूळ. आपल्याकडच्या वावटळीत पांढरी गच्ची वर्षभरात मळकट होते आणि तिचा गुण उतरतो. होळीनंतर एकदा ब्रश मारून ती धुवायचीच, नाहीतर पैसे वाया. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक केलंत तर ते खूप टिकतं आणि पुसायलाही सोपं. ओलं झाल्यावर मात्र त्यावर पाय घसरतो, घरात म्हातारी माणसं असतील तर याचा विचार आधी करा.

एक्सपीएस

गुलाबी किंवा निळ्या रंगाचे हे कडक फोमचे बोर्ड. थर्माकोलचा हा भाऊ, पण बंद पेशींचा, त्यामुळे पाणी जवळपास पीत नाही. गच्चीसाठी साधा थर्माकोल कुणी सुचवला तर नाही म्हणा. एकदा भिजला की त्याची रोधशक्ती घटते.

काँक्रीटच्या तुलनेत एक्सपीएसमधून उष्णता पन्नासेकपट कमी वेगाने जाते. दोन इंच बोर्ड म्हणजे उष्णतेच्या हिशेबात आठ फुटांहून जाड काँक्रीट. छतातून किती उष्णता आरपार जाते ते यू-मूल्य सांगतं, ते जितकं कमी तितकं चांगलं. उघड्या सहा इंची स्लॅबचं यू-मूल्य तीनच्या वर असतं. नव्या घरांसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेने छतासाठी घातलेली मर्यादा १.२ आहे, दोन इंच एक्सपीएस टाकल्यावर यू-मूल्य ०.५ च्या आसपास येतं. हिवाळ्यातही हाच थर आतली ऊब धरून ठेवतो, जे पांढरा रंग करू शकत नाही.

आपल्याकडे ज्यावर सगळ्यांचा विश्वास, तो ब्रिक बॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, इथे फार कमी पडतो. तो पाणी थांबवायला उत्तम. पण चार इंच विटेचा कोबा दोन इंच एक्सपीएसच्या जेमतेम बाराव्या-तेराव्या हिश्शाइतकी उष्णता अडवतो आणि दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन स्लॅबवर लादतो. कंत्राटदार ‘कोबा केला की घर गार’ म्हणाला तर एवढं लक्षात असू द्या.

एक्सपीएसचं दुखणं खर्च आणि कारागिरी. ६०० फुटांच्या गच्चीचं काम वरच्या काँक्रीटसकट लाखाच्या घरात जाऊ शकतं, चुना काही हजारांत होतो. क्रमही चुकता कामा नये: आधी वॉटरप्रूफिंग, दोन-तीन दिवस पाणी भरून गळती तपासणं, मग बोर्ड, वर कापडासारखा जिओटेक्स्टाइलचा थर आणि त्यावर जाळीचं काँक्रीट, उतार नीट पाइपाकडे. एका जाड बोर्डाऐवजी एकेक इंचाचे दोन थर सांधे चुकवून टाकले तर फटींतून उष्णता शिरत नाही. फोम उघडा कधीच ठेवायचा नाही. उन्हाने त्याची भुकटी होते.

फॉल्स सीलिंग

दिसतं छान, म्हणून जास्त विकलं जातं. नुसत्या पीओपीच्या थराने फार फरक पडत नाही. वर ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची गादी, टाकलं तर खोलीला खरोखर आराम मिळतो. पण स्लॅब वर तसाच तापत राहतो, आकुंचन-प्रसरणाने तडे जातात, आणि पावसाळ्यात गळती सुरू झाली तर ती सीलिंगच्या आड कळतही नाही. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत पंखाही डोक्याजवळ येतो. गच्ची सोसायटीची आहे आणि तिला हात लावायची परवानगी मिळतच नाही, अशा एकाच परिस्थितीत मी हा पर्याय निवडेन, तोही फक्त झोपायच्या खोलीत.

पत्र्याचं शेड विदर्भात जागोजागी दिसतं. सावली मिळते हे खरं, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात, महापालिकेची परवानगी हवी, आणि मे-जूनच्या वादळात पत्रे उडतात ते वेगळं. सावलीच हवी असेल तर सोलर पॅनल जास्त शहाणपणाचे. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते, पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि पॅनलखालचा स्लॅब सावलीत राहतो.

मग तुमच्या घराला काय?

कूलरवर राहत असाल आणि दारं-खिडक्या रात्री उघडत असाल, तर पांढरा लेप पुरेसा आहे. पहिला खर्च तोच करा. पांढरी गच्ची रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून लवकर निवतेही.

एसी रोज आठ-दहा तास चालत असेल तर गणित बदलतं. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटनंतर चढत जातो, त्यामुळे मे महिन्यात वाचलेलं युनिट सगळ्यात महागडं युनिट असतं. छताची धग गेली की २२ वर ठेवलेला एसी २६ वर चालतो, आणि बीईई या केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेच्या हिशेबाने दर अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते. अशा घराने एक्सपीएस टाकून वरचा थर पांढरा करावा. दोन्ही एकत्र असले तर त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

भाड्याचं घर असेल तर चुना, घरमालकाला विचारून. छत पत्र्याचं असेल तर वरून पांढरा रंग आधी, कारण पत्रा ऊन धरून ठेवत नाही, लगेच आत ओततो. फरक त्याच दुपारी कळतो.

फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गच्चीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. वॉटरप्रूफिंगचा विषय सभेत येईल तेव्हाच एक्सपीएसचं वेगळं कोटेशन मागून ठेवा. मजुरी, मलबा उतरवणं, गच्ची बंद ठेवणं हे सगळं तेव्हा एकदाच होतं. खालच्या मजल्यावरची मंडळी ‘आम्हाला काय फायदा’ म्हणतील. बोर्डांचा खर्च वरच्या दोन-चार घरांनी उचलायची तयारी दाखवली की ठराव अडत नाही. काम फेब्रुवारीत उरकेल असं बघा. एप्रिलच्या उन्हात नव्या काँक्रीटवर पाणी मारायला दिवसातून चारदा वर जावं लागतं, आणि तेव्हा आपल्या टाक्यांतही पाणी नसतं.